बाळ सोडून सगळं

गेल्या नाताळाला मी बाळ येशूला वजा करून गव्हाणी विकत आणली. भाव मात्र उत्तम मिळाला.

माझा धंदा जुन्या दरवाजे-खिडक्यांचा. पाडलेल्या घरांच्या चौकटी उचलायच्या, घासूनपुसून कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांना विकायच्या. एकेकाळी सायकलला चौकटी बांधून दहिवलीभर फिरलोय. आज स्वतःचं गोडाऊन आहे. हे सगळं एका तत्त्वावर उभं राहिलं : समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव हा माझा अपमान असतो. (बायको म्हणते, मी डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्यांतही घासाघीस करतो. खरं आहे. दोन कमी झाल्या.)

आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब गाणाऱ्या मंडळींना घेऊन घरोघर येतात. घरात गव्हाणी मांडलेली असते : गोठा, मरीया, योसेफ, मेंढपाळ, ताऱ्यामागून भेटी घेऊन आलेले मागी लोक, जनावरं. फक्त बाळ येशू नसतो. पाळकसाहेब जन्माचा उतारा वाचतात, तेव्हाच घरातला कर्ता बाळाला गवतावर ठेवतो. सगळ्यांत चांगल्या गव्हाणीला दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर बक्षीस.

परारच्या नाताळाला मी सागवानी गोठा केला होता आणि माथेरानच्या हॉटेलवाल्यांनी बघायला यावं अशी रोषणाई. पहिला नंबर कुणाला? माझ्या धाकट्या भावाला, दानिएलला! खोक्याचा गोठा, त्याच्या सुनेनं केलेल्या मातीच्या मूर्ती. त्यातली गाय सरळसरळ डुक्कर दिसत होती. वर पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की देवाचा पुत्र आला तो गोठ्यात, गरिबाघरी, आणि आपण त्याला दिव्यांखाली झाकून टाकतो. नाव घेतलं नाही. पण अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. त्या दिवसापासून मी दानीशी बोलणं सोडलं. मध्ये त्याला नात झाली, तीही बघायला गेलो नाही.

तेव्हा गेल्या वर्षी बक्षीस घ्यायचंच, असं ठरवून मी खोपोलीच्या बाजारात गेलो. तिथे एका चाचांचं दुकान आहे. राख्यांपासून नाताळच्या चांदण्यांपर्यंत सगळ्या सणांचा माल ते विकतात, आणि मला लांबून बघूनच कपाळाला हात लावतात. मूर्तींचा सुरेख संच होता. मी तासभर घासाघीस केली. शेवटी चाचा थकून म्हणाले, "या भावात पुरा सेट नाय बसत शेठ. एक मूर्ती काढून घेतो."

"काढा की," मी विजयी सुरात म्हणालो. "सगळ्यात छोटी असेल ती काढा."

माझ्या डोळ्यासमोर मेंढी होती. मेंढ्या पाच होत्या.

घरी संच मांडला. गव्हाणी रिकामी, ती रिकामीच असायची. मला वाटलं, बाळ बायकोनं कपाटात ठेवलंय. रूथला, म्हणजे बायकोला, वाटलं मी ठेवलंय. चोवीस तारखेला पाच वाजता ती म्हणाली, "अहो, बाळ काढून ठेवा, मंडळी सहाला येतील."

पुढची दहा मिनिटं आम्ही काय बोललो ते नाताळच्या आठवणींत लिहिण्यासारखं नाही. खोपोलीला फोन केला, चाचा दुकान बंद करून लग्नाला गेलेले. माळ्यावरची बाहुली काढली, तिला एकच डोळा होता. आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी मोठ्या मनानं त्यांचा बाळकृष्ण देऊ केला. मला चालला असता. पण त्याच्या हातात लोण्याचा गोळा होता, आणि पाळकसाहेबांची नजर चांगली आहे.

"दानीभावजींकडे बाळ हाय," रूथ म्हणाली.

"मातीचं? त्याच्याकडून?"

"जितं. तीन महिन्यांचं. जा."

मी गेलो. दार दानीनंच उघडलं.

"बाळ पायजे होतं," मी म्हणालो. "अर्ध्या तासासाठी."

"वर्ष झालं तोंड दाखवलं नायस, दादा. आता माझी नात भाड्यानं न्यायला आलास व्हय?"

तेवढ्यात त्याची बायको सुशीला नातीला घेऊन बाहेर आली. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. हसू दाबताना तिचे खांदे तेवढे हलले.

"नेऊ या की दादा," ती म्हणाली. "पन आमी सगळे येणार."

"किती जण?"

"नऊ."

"तीन चालतील."

"नऊ."

घड्याळात साडेपाच झाले होते. सबंध आयुष्यात सांगितलेल्या पहिल्या आकड्यावर मी फक्त त्या दिवशी सौदा पक्का केला.

नऊ माणसं घरात शिरली. कृपाला (नातीचं नाव, मुलगी असल्याचं कापडात गुंडाळल्यावर कळत नव्हतं) सराव म्हणून गवतावर ठेवलं. गवत टोचलं. तिनं योसेफाला लाथ मारली, तो मागी लोकांवर पडला, आणि मग तिनं जो सूर लावला तो पार नाक्यापर्यंत गेला असेल. आई, आजी, रूथ, सगळ्यांनी घेऊन बघितलं. शेवटी कुणीतरी ती माझ्या हातात दिली आणि ती गप्प झाली. माझ्या नव्या शर्टाची कॉलर तिला चोखायला आवडली होती. खाली ठेवलं की रडायची. म्हणून मी तिला घेऊन गोठ्यासमोर गुडघ्यांवर बसलो, डोक्यात गवत, मांडीवर ओल, आणि त्याच अवस्थेत पाळकसाहेब आत आले.

त्यांनी उतारा वाचला. मग विचारलं, "मूर्ती कुठंय?"

मी विषय बदलणार होतो. पण रूथनं खोपोलीपासून सगळी कथा सांगितली, अगदी "सगळ्यात छोटी काढा" यासकट. गाणाऱ्या मंडळींचं पहिलं गाणं हसण्यामुळे पाच मिनिटं सुरूच होईना. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

"बरं झालं काढायला लावलीत," ते म्हणाले. "मूर्ती असती तर तुम्ही भावाच्या दारात गेला असता का? येशू जन्माला आला तो माणसांनी पुन्हा एकत्र यावं म्हणूनच, देवाशी आणि एकमेकांशीही. ते आज या खोलीत झालंय."

दानीनं माझ्या डोक्यातली एक काडी काढली. मी डोकं आणखी वाकवलं. अजून बऱ्याच होत्या ना.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पहिला नंबर जाहीर झाला : दानिएल आणि परिवार, बाळासाठी!

मी तडक पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, गोठा माझा, गाढव माझं, गुडघे माझे. ते उत्तेजनार्थ द्यायला तयार झाले. मी त्यांना तिसऱ्यापर्यंत चढवलं. दुसराही सोडला नसता, पण कृपा माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मला कुजबुजत भांडता येत नाही.