दोन बटणांची खुर्ची

सुभेदारमामांना कुणी खुर्ची ढकललेली खपत नसे. मागून हात लागला की ते दोन्ही चाकं घट्ट धरून बसत. लढाईत पाय गेले होते. तरी तासगावजवळच्या आपल्या द्राक्षबागेत त्यांना रोज जायचं होतं, आणि एकट्यानं जायचं होतं. मामी म्हणायची, "आवं, मी काय परकी हाय व्हय?" त्यावर मामा पेपर उघडत.

पलटणीत ते वायरलेस सेट दुरुस्त करत. मी सांगलीला तंत्रनिकेतनात शिकत होते. एका सुट्टीत त्यांच्याकडे गेले तर त्यांनी खुर्चीला भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर बसवलेली. ट्रॅक्टरची बॅटरी, चार ट्रान्झिस्टर आणि डाव्या हाताखाली दोन बटणं. एका बटणानं दोन ट्रान्झिस्टर सुरू होऊन खुर्ची पुढे जायची. दुसऱ्यानं उरलेले दोन सुरू होऊन वीज उलटी फिरायची आणि खुर्ची मागे.

पहिल्याच फेरीत म्हैस आडवी आली. मामांनी दोन्ही बटणं एकदम दाबली. ट्रॅक्टर थांबवताना क्लच आणि ब्रेक असेच दाबतात. पाय गेले, सवय हातात उतरली होती. चारही ट्रान्झिस्टर एकदम सुरू झाले, वीज मोटर सोडून सरळ आरपार गेली आणि धूर निघाला. म्हैस हलली नाही. "तुझं बरं हाय," मामा तिला म्हणाले.

मी सुचवलं, एक बटण चालू-बंदचं ठेवू, दुसरं दिशेचं. मग काही जळायला नको. मामा बराच वेळ बोटं मिटत-उघडत बसले.

"पोरी, घाबरल्यावर मी दोन्ही दाबणारच. त्यालाच थांबणं म्हणू या."

तशीच जोडणी केली. एक बटण दाबलं की दुसऱ्याची वाट तुटायची. दोन्ही दाबली की दोन्ही वाटा बंद. पुढे माझी सगळी नोकरी मोटरी चालवणाऱ्या सर्किटांत गेली, या कामाच्या तयार चिप आल्या. नव्या पोरांना मी अजून पहिल्यांदा हेच विचारते, घाबरलेला माणूस काय दाबेल?

खुर्ची झाली त्या दिवशी मी मागोमाग निघाले. उतारावर बैलगाडी समोर आली. मामांनी मूठ आवळली, खुर्ची थांबली. गाडी निघून गेली. मान न वळवता ते म्हणाले, "आता तू घरी जा."

मी गेले नाही, तिथंच उभी राहिले. विहिरीच्या वळणापर्यंत खुर्ची दिसत होती, मग द्राक्षाच्या मांडवाआड गेली. दुसऱ्या दिवशी मी सांगलीला परतले. छाटणीच्या दिवसांत मामा गेल्याचं कळलं. मी मागे उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, एवढंच विचारायचं राहिलं.