न भाजणारा हात

त्या काळी मी निपाणीच्या बाजारात इंग्रज सरकारविरुद्ध स्वतः लिहिलेली पत्रकं वाटत फिरायचो. आक्का जवळच्याच खेड्यात दिलेली, म्हणून जेवायला तिच्या सासरी. एकदा बघतो तर तिनं चुलीवरचा तापलेला तवा नुसत्या हातानं उतरवला. सासू कौतुकानं म्हणाली, "बघा पाव्हणं, आमच्या सुनंला चटका म्हाईतच न्हाय. लई कामाची."

मी आक्काचा हात उलटा केला. बोटांवर फोड, एक फुटलेला.

"दुखत न्हाय गं? कसला रोग तर न्हाय?"

"न्हाय की. ताप बी न्हाय. मग कसला रोग?"

कानाच्या पाळ्या मात्र सुजल्यागत जाड. मी तिला बेळगावला नेलं. डॉक्टरांनी पाळीला बारीक चीर दिली, आतला चिकट अंश काचेवर घेऊन रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. निळ्या पेशी दिसल्या. त्यांच्या आत लाल काड्या, विड्यांच्या कट्ट्यांसारख्या जुड्याच्या जुड्या कोंबलेल्या.

"ह्या निळ्या कुणाच्या?"

"तिच्याच. जंतू आला की गिळून मारायचा, हे त्यांचं काम. पण महारोगाचा जंतू त्यांना पचत नाही. आतच राहतो, आतच वाढतो."

"आणि ताप?"

"बोंब मारून ताप आणायचा तो ह्यांनीच. जंतू तर ह्यांच्याच पोटात बसलाय."

  हातातली जाणिवेची शीर मरत होती आणि अख्खं घर त्या हाताची वाखाणणी करत होतं. डॉक्टरांनी उपाय सांगितला: कडूकवठाच्या तेलाची सुई दर आठवड्याला घ्यायची, कित्येक महिने. सासरनं हाकललं तर हे सगळं संपलं.

परत आल्यावर मी अंगणातच सासूला ठणकावलं, "महारोग आहे. हिला बाहेर काढलंत तर पत्रक छापून गावभर वाटीन."

तिनं अंगणाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आधी आवाज बारीक करा, पाव्हणं. तुमचा कागूद वाचून गावच तिला हाकलंल, मी कशाला पायजे? बेळगावला मी जाईन घिऊन. कोण इचारलं तर गुडघं माजं दुखत्यात. सुई मला, सून सोबतीला."

पुढच्या आठवड्यात दोघी मोटारीला निघाल्या. सासू उंबऱ्यातनंच लंगडायला लागली. चावडीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय वैनी, पायाला काय झालं?"

"वात," ती म्हणाली, आणि सुनेच्या खांद्यावर भार टाकून पुढं चालली. मी मागं, दोघींची पिशवी घेऊन.