सनईखालचं बोलणं

या सदरात लिहिणाऱ्या लोकांना मी आजवर मनातल्या मनात हसत आलो आहे, स्पष्टच सांगतो. चिंचेवरची बाई, उलटी पावलं... वाचायचो आणि पान उलटायचो. माझं काम कॉम्प्युटरचं. काही बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं — एवढंच मला कळतं. तरीही आज मीच लिहायला बसलोय. भीती वाटते म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

आमचं घर मुधोळचं, आदिलाबाद जिल्ह्यातलं. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. दुकान दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. मी हैदराबादला एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो. १९९९ ची गोष्ट. व्हीसीडी नुकत्याच आल्या होत्या आणि प्रत्येकाला आपल्या लग्नाची कॅसेट त्या चकचकीत चकतीवर हवी होती.

मला इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सापडला — कॅसेटवरून कॉम्प्युटरात घेतलेला व्हिडिओ सीडीसाठी बदलून देणारा. फुकट, आणि त्याचा सगळा कोड उघडा, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. पण मूळ लिहिणाऱ्या परदेशी पोराने तो केव्हाच सोडून दिला होता. त्याच्या पानावर एकच ओळ होती : आता वेळ नाही, ज्याला हवं त्याने पुढे न्यावं. मी नेला! ऑफिस सुटल्यावर तोच उद्योग. जुन्या मंडळींना मेल टाकल्या, कुठल्या कुठल्या देशातले तिघे-चौघे पुन्हा जागे झाले. मुख्य दुखणं एकच होतं : आवाज चित्राच्या मागे पडायचा. ओठ आत्ता हलतायत आणि शब्द मात्र मागाहून. ते मी दुरुस्त केलं. छाती अशी फुगली होती की विचारू नका.

पहिली कॅसेट आमच्याच घरची घेतली, भाऊ आणि सुमनवहिनीच्या लग्नाची. त्यालाही कारण होतं. वहिनीचे बाबा, किसनराव, आदल्या वर्षी गेले होते. त्यांचं चालतं-फिरतं चित्र म्हणजे ती एक कॅसेट, आणि तिला बुरशी लागायला लागली होती. वहिनी मला म्हणाली होती, "भाऊजी, बाकी लगीन गेलं तरी चालन. पण बाबा हायत तेवढं वाचवा."

किसनराव भाजीवाले. जवळच्याच खेड्यात त्यांचा मळा. मुधोळच्या बाजारात वांगी-मेथी घेऊन बसायचे, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पण एकदाही दारात आले नाहीत. वहिनी माहेरी गेली की विचारायची, तर म्हणायचे, बाजारात टाइम भेटत नाही. पुढे पुढे तिने माहेरी जाणंच कमी केलं. "जगाले भाजी इकते अन् पोरीचं दार दिसत नाही," म्हणायची. ते आजारी पडले, निरोप आला, तरी ही हटून बसली. गेली ती शेवटी मातीलाच. नंतर त्या गोष्टीचा विषय घरात कुणी काढत नसे.

मे महिन्यात मी सीडी घेऊन घरी आलो. ऐकून पाहिली होती म्हणाल तर सुरुवात तेवढी पाहिली होती. सगळीकडे सनई आणि सिनेमाची गाणी, त्यात काय ऐकायचं? आमच्याकडचे शूटिंगवाले लग्नातला खरा आवाज ठेवतच नाहीत. सगळा पुसून वर गाणी चढवतात, म्हणजे कॅसेट भारी वाटते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर प्लेअर लावला. मी आधीच गल्लीभर बढाया मारून ठेवल्या होत्या, त्यामुळे शेजारच्या बायका, दुकानाची जुनी गिऱ्हाइकं, सगळे येऊन बसले. काहींनी स्वतःच्या कॅसेटीही आणल्या होत्या. दादा खुर्चीत. चित्र खरंच छान आलं होतं. "पोरानं नाव काढलं," कुणीतरी म्हणालं. मी तोंडदेखलं लाजलो.

मग पाठवणी आली. ते दृश्य आमच्या घरात सगळ्यांचं लाडकं. जीपच्या दाराशी दोघे व्याही डोक्याला डोकं लावून बोलतायत, किसनरावांचे हात जोडलेले. दरवेळी आम्ही दादांना चिडवायचो, काय गुपित सांगितलं व्याह्याले? दादा हसून सोडून द्यायचे.

त्या ठिकाणी सनई खाली गेली. बंद नाही झाली... कुणी दार लोटून घ्यावं तशी हळू झाली. आणि दादांचा आवाज आला. बारा वर्षं तरुण, पण दादांचाच.

"व्याहीबुवा, एक गोष्ट. बाजारच्या दिवशी टोपलं घेऊन आमच्या गल्लीत येऊ नका. दुकानात मोठे गिऱ्हाईक राह्यते. बरं नाही दिसत."

आणि किसनराव : "नाही येत जी. पोरीले फक्त समजू देऊ नका. तिले वाईट वाटन."

मग सनई पुन्हा वर आली.

आणि मी काय केलं माहीत आहे? प्लेअरच्या वायरी हलवल्या! आवाज आला कुठून, ते शोधत बसलो. मागे वहिनी भिंतीला धरून उभी होती, आणि मी वायरी हलवत होतो. आजही आठवलं की कान गरम होतात.

"मामाजी," वहिनी म्हणाली, "हे तुमी बोलले होते?"

दादांनी नाही म्हणायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं, हीसुद्धा लाजेचीच गोष्ट. त्यांनी मान खाली घातली. "बोललो होतो. असंच बोललो होतो... दुसऱ्या कोणाले मालूम नव्हतं."

"मी त्याइच्यावर रुसून बसली होती जी," ती म्हणाली. "त्याइनं बोलावलं तं गेली नाही मी." आणि तिथेच खाली बसली. भाऊला तिच्याकडे जावं की दादांकडे, ते कळेना. तो दारातच उभा राहिला. शेजारच्या बायका एकेक करून उठल्या. जाताना प्रत्येकीने आपापली कॅसेट उचलून नेली. पुन्हा कुणी आणली नाही, आणि मीही मागितली नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॅसेटवर दुसरा ट्रॅक राहिला असेल. मीही तेच म्हणालो. जवळच्या भैंसा गावी जाऊन शूटिंगवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "कायचा ट्रॅक साहेब? माझा माइक त्या दिवशी बिघडेल होता, लावलाच नव्हता. काऊन, काय झालं?" शिवाय समोर बँड वाजत होता आणि बोलणं कानात झालेलं. मूळ कॅसेट लावली तर त्या जागी नुसती सनई. दुसऱ्या प्रोग्रॅमने बदलली तरी नुसती सनई. माझ्या प्रोग्रॅमने पुन्हा बदलली, तर त्याच जागी तेच बोलणं. कोड ओळीओळीने वाचला. त्यात मी लिहिलेलं सगळं होतं आणि हे कुठेच नव्हतं.

शेवटी आमच्या त्या मेलवाल्या मंडळींना विचारलं : आवाजात एक गडबड येते आहे, बघता का? लगेच उत्तर आलं, तेवढा तुकडा पाठव, त्याशिवाय कसं बघणार? बरोबरच होतं त्यांचं, या कामाची रीतच ती. पण तो तुकडा जगात कसा पाठवणार? त्यांना मराठी येत नव्हतं, तरी हात धजला नाही. मी उत्तर दिलं नाही. मग दुसऱ्या मेलींनाही दिलं नाही. प्रोग्रॅम जसा मला सापडला होता तसाच पुन्हा पडून राहिला. कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधणं सोडलं.

मी हैदराबादला परत निघालो त्या दिवशी दुपारी दादा दुकान सोडून वर आले. असं ते कधी करत नसत.

"त्याच्या पुढं काही हाय काय रे?" त्यांनी विचारलं. "मले वाटते, मी त्याइले मागून हाक मारली होती. दिवाळीले या, असं म्हनलो असन."

मी सीडी लावली. स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत आली आणि दाराशी बसली. दादांनी तिला पाहिलं. बोलणं आलं, गेलं. जीप हलली. किसनराव बाजूला झाले, हात तसेच जोडलेले. दादा खुर्चीतून पुढे वाकून कान देऊन ऐकत होते.

"आवाज वाढव," ते म्हणाले.

मी वाढवला. सनई मोठी झाली, एवढंच.