चौथ्या मजल्यावरचा मयत

ती घटना आपण विसरलो, असं मला अधूनमधून वाटतं. मग कुठल्या तरी अर्धवट इमारतीचा जिना चढायची वेळ येते आणि ती पुन्हा समोर उभी राहते. चौतीस वर्षं पोलिसात काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जिथे मला स्वतःला भीती वाटली अशी प्रकरणं फार नाहीत, आणि त्यात हे पहिलं. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत आणि बाजारात भेटली की चौकशी करतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसई तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. फुलपाड्याच्या बाजूला इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांच्या पाठोपाठ गर्दही, म्हणजे ब्राऊन शुगर, आला होता. पोरं तो चंदेरी कागदावर जाळून धूर ओढायची. चोरीत पोरगा सापडला की आम्ही आधी त्याची बोटं बघायचो. बोटांवर चटके दिसले की पुढचे प्रश्न कमी विचारावे लागत.

एका सकाळी खबर आली की चांदीपच्या बाजूला पाणी भरलेल्या खदाणीत प्रेत तरंगतंय. बाहेर काढलं तेव्हा ते चार-पाच दिवस पाण्यात असावं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. वय वीस-बावीस, अंगात निळ्या चौकटीचा शर्ट. मी पंचनामा केला आणि प्रेत तपासणीला पाठवलं. बुडून मृत्यू, अंगावर मार नाही, असा अहवाल आला. आमच्या मिसिंग रजिस्टरमध्ये फुलपाड्यातल्या एका घरची नोंद होतीच: मुलगा बावीस वर्षांचा, गर्दचं व्यसन, आठ-दहा दिवस बेपत्ता, निळ्या चौकटीचा शर्ट. बापाला बोलावलं. मूळचा कोकणातला, मुंबईत एका कचेरीत कारकून. त्याने चादर वर करून पाहिलं, शर्ट पाहिला आणि म्हणाला, "हो. माझाच." सही करताना त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखं झालं. त्या पोराच्या नावावर आमच्याकडे दोन चोऱ्या होत्या. अकस्मात मृत्यूची फाईल बंद झाली.

दोनेक महिन्यांनी एक बाई ठाण्यात आल्या. पाचूबंदरच्या कोळी ख्रिस्ती घरातल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दर रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये त्या दारू आणि गर्दने ग्रासलेल्या घरांतल्या आई-बापांची बैठक घेत. जात-धर्म कुणी विचारत नसे. आलेल्यांनी आपल्या घरचं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या खुर्चीत बसल्या.

"साहेब, मिटिंगातलं बाहेर न्यायचं नाय, हा आमचा नेम हाय. आज मी तो मोडते," त्या म्हणाल्या. "एक बाई येते, फुलपाड्याची. तिचा पोर खदानीत बुडून मेला, तुम्हाला ठाऊक असेल. बाकी बाया सांगतात, माझ्या पोरानं असं केलं, तसं केलं. आनि ती सांगते, काल दोन पोळ्या खाल्ल्या. परवा रातभर थरथरत होता. मला विचारते, ओकारी थांबत नाय, पानी किती पाजू? अंग मोडतं म्हनतो, काय देऊ?"

"दुःखाने डोकं फिरलं असेल," मी म्हणालो.

"मला पन तसंच वाटलं. पन साहेब, चाळीस वर्सं मी पेशंट बघितले. ती सांगते ना, तो क्रम बरोबर हाय. पहिल्या दिवशी काय, तिसऱ्या दिवशी काय. गर्द सुटताना तसंच होतं. मेलेल्याचा गर्द कसा सुटेल?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी हवालदाराला घेऊन त्या इमारतीत गेलो. चार मजली इमारत. बिल्डर अर्ध्यातच पळालेला. पहिल्या दोन मजल्यांवर माणसं राहत होती, वरच्या दोन मजल्यांना गिलावाही नव्हता. दुसऱ्या मजल्यावर मुलाचं घर. भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला ताजा हार. आई एकटीच होती. ओट्यावर वरण, भात आणि भाजी वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं. बारा वाजून गेले होते आणि नवरा कामावर.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"त्याच्यासाठी," ती म्हणाली. एवढंच. मग ती फोटोचा हार सारखा करू लागली.

शेजारणीने मात्र सगळं सांगितलं, तेही दाराआडून. तेराव्यानंतर वर पावलं वाजायला लागली. ओसाड मजल्यावरून दुपारी पाणी ओतल्याचा आवाज येतो, कधी रडल्याचा. मग रहिवाशांनी वर्गणी काढून भगत आणला. त्याने तिसऱ्या मजल्याच्या चौकात लिंबं मांडली, उंबऱ्यात खिळे ठोकले आणि सांगितलं, याच्या वर कुणी जायचं नाही. "त्याची आई रोज ताट घेऊन जाते बघा. ताट घासलेलं परत येतं," शेजारीण म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावर सुकलेली लिंबं आणि पसरलेलं कुंकू होतं. माझा हवालदार आडदांड गडी. एकदा कोयता घेऊन धावून आलेल्या माणसाला त्याने एकट्याने आडवा केला होता. तो लिंबांपाशी थांबला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती. मी एकटाच वर गेलो.

चौथ्या मजल्यावर उन्हाचे चौकोन पडले होते. एका खोलीत चटई, तांब्या, घडी घातलेलं पांघरूण. माणूस नाही. दुसरी खोली, तिसरी खोली, गच्ची, कुठेच कुणी नाही. मागे फिरलो तर मघाशी कोरड्या असलेल्या सिमेंटवर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे उमटलेले. मी चालत आलो त्याच वाटेवर, माझ्या पाठोपाठ. मानेवरचे केस उभे राहणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मग पोलिसाची सवय कामाला आली. उकिडवा बसून मी ठसा नीट पाहिला. डाव्या पायाला चारच बोटं होती. बघता बघता उन्हात तो ठसा वाळून गेला.

खाली येऊन हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, भुताचे पाय उलटे असतात म्हणतात."

"हे सुलटे होते."

"मग माणूस असणार," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याची नाडी बांधून झाली.

ठाण्यात येऊन मी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मिसिंग रजिस्टरमध्ये ओळखीच्या खुणेसमोर लिहिलं होतं: डाव्या पायाची करंगळी लहानपणी तुटलेली. प्रेताच्या पंचनाम्यात होतं: दोन्ही पायांची बोटं शाबूत. दोन्हीकडे अक्षर माझं. दोन्ही कागद एकाच कपाटात होते आणि ते ताडून बघायची तसदी मी घेतली नव्हती. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

रविवारी सकाळी बापाला बोलावलं. ओरडायची गरजच पडली नाही. दोन्ही कागद त्याच्यासमोर सरकवले. त्याने चष्मा लावून ते शांतपणे वाचले.

"चादर वर केली तेव्हा मी आधी पायच बघितले, साहेब," तो म्हणाला.

"मग?"

"बोटं होती. पाचच्या पाच."

"मग सही का केलीत?"

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. "चार वर्षं झाली होती. बायकोच्या बांगड्या गेल्या, भांडी गेली. दार वाजलं की मी आधी पाकीट लपवायचो. तो गेल्यापासून घरात झोप लागायला लागली होती. तुम्ही विचारलंत, हाच का? मी हो म्हटलं की सगळं संपणार होतं. म्हटलं हो."

मी त्याला पाणी दिलं. ते त्याने घेतलं नाही.

"दहाव्याला कावळा शिवला नाही," तो सांगू लागला. "दोन तास उभे होतो. कसा शिवेल? देह कुणाचा, नाव कुणाचं घेतलेलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून तो वर चालतो, साहेब. ज्याला मी जाळला तो. स्वतःचं नाव मागायला आलाय. मी रात्री ऐकत पडतो. बायको त्याला जेवायला घालते, मी तिला अडवत नाही."

वर आपलाच मुलगा आहे, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. एका छपराखाली नवरा भुताला घाबरत होता आणि बायको त्या भुताचं ओकलेलं पुसत होती.

त्याच दुपारी बैठक आटोपल्यावर सिस्टरना बोलावून घेतलं आणि बापासकट आम्ही सगळे इमारतीत गेलो. मी त्या आईला एवढंच म्हणालो, "चार बोटांचा ठसा बघितलाय मी." तिने आधी दार लावून घेतलं. मग तिने सांगितलं. तेराव्याच्या दिवशी नवरा पाहुण्यांना पोचवायला गेला असताना तो दाराशी उभा होता. आपल्याच फोटोचा हार बघून तो हसला आणि मग घेरी येऊन पडला. ती त्याला वर घेऊन गेली.

"नवऱ्याला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तो जिवंत झाला असता," ती म्हणाली. "जिवंत असताना त्याच्याकडे कोण कोण यायचं, साहेब. माल विकणारे, सोबतचे, तुमचे शिपाई. मेल्यावर एकही फिरकला नाही. म्हटलं, राहू दे मेलेला. बरा होईपर्यंत."

तिसऱ्या मजल्यावर लिंबांपाशी बाप थांबला. "मी येणार नाही," तो म्हणाला. बायकोने सांगितलेलं त्याला अजून पटत नव्हतं. बायकोने पायाने लिंबं बाजूला केली आणि त्याचा हात धरला. "चला. आपलाच आहे."

मुलगा गच्चीवरच्या पाण्याच्या कोरड्या टाकीत लपायचा; मी आलो त्या दिवशी अंघोळ अर्धवट टाकून, माझ्या पाठीमागून निसटून तो तिथेच शिरला होता. आईच्या हाकेने बाहेर आला. बापाचा जुना सदरा घातलेला, हाडं वर आलेली, पण डोळे स्वच्छ. बाप त्याच्याकडे बघत राहिला आणि जिन्याच्या कठड्याला धरून लहान पोरासारखा रडला.

मुलगा माझ्याशीच बोलला. "सर, मला खाली नका नेऊ. खाली गेलो ना, तर परत चालू होईल. इथे मी मेलोय, कोण विचारत नाही. शांत आहे एकदम."

त्या उन्हात, त्या उघड्या विटांमध्ये त्याचं हे बोलणं ऐकून मला त्या ठशांपेक्षा जास्त भीती वाटली. आई म्हणत होती ते चूक नव्हतं. मी त्याला खाली नेत होतो ते माझे कागद नीट व्हावेत म्हणून, आणि खाली त्याची वाट बघणारे कोण होते ते मला ठाऊक होतं.

सिस्टर पुढे झाल्या. "पोरा, दवाखान्याशिवाय सुटला तो तुझं नशीब. मेला असतास खरोखर. आता खाली एकटा नाय जायाचा. आम्ही हाव ना. रविवारी सगले असतात." त्याला घेऊन आम्ही जिना उतरलो तेव्हा एकेक दार धाडधाड लागत गेलं. जिवंत माणूस घरी चालला होता आणि लोक कड्या लावत होते.

बुडालेला कोण, ते त्यानेच सांगितलं. सोबत गर्द ओढणारा एक मित्र. दोघांनी शर्ट बदलले होते. मित्र नशेत घसरून पाण्यात गेला आणि हा घाबरून पळाला. आम्ही सगळं तपासलं, घातपात नव्हता. मित्राची आई नालासोपाऱ्याला भाजी विकते, एवढंच त्याला माहीत होतं. दोन दिवस बाजार फिरून आम्ही तिला शोधलं. सातारकडची बाई. मुलाकडे राहिलेला मित्राचा शर्ट, प्रेताची उंची, गळ्यातला काळा दोरा, सगळं जुळलं. फाईल पुन्हा उघडली, मी वरिष्ठांना खरं काय ते लिहून दिलं आणि माझ्या सेवापुस्तकात शेरा आला. तो योग्यच होता. बापाला समज देऊन सोडलं.

मुलगा दोनदा पुन्हा घसरला. दोन्ही वेळा बाप स्वतः त्याला घेऊन हॉलवर गेला. नंतर तो टिकला. आज त्याची स्वतःची रिक्षा आहे.

पण मला शिकवलं ते त्या भाजीवालीने. जबाब लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, दोन महिने पोरगा घरी नाही. तक्रार का नाही दिलीत?" ती रडत नव्हती.

"दिली असती, तर तुमी हुडकून आणून दिला असता की वो," ती म्हणाली.

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली तिथे व्यसनी मुलाची मिसिंग तक्रार आली की फॉर्म भरून झाल्यावर मी एक प्रश्न विचारायचो. तो कुठल्याच फॉर्मवर नसतो. पोरगा सापडावा असं तुम्हाला वाटतं ना? एवढ्या वर्षांत या प्रश्नावर एकही आई किंवा बाप माझ्यावर चिडला नाही. बहुतेक जण खाली बघत. मग मी पेन ठेवून चहा मागवायचो आणि रविवारी कुठे जायचं ते त्यांना सांगायचो.