शेवटचे दहा बोल्ट

गाड्या उंच करून देणाऱ्या या मिस्त्रींची स्वतःची उंची पाच फूट एक इंच. त्यांना 'उंचे' हे नाव का पडलं, हे आता फोड करून सांगायला नको. खरं नाव ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी बँकेत बसतात. उंचेंना त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. गॅरेजच्या दारावर त्यांनी रंगाऱ्याकडून 'उंचे सस्पेन्शन' असंच लिहून घेतलंय, तेही हातभर अक्षरांत.

काम म्हणाल तर एकच. पिकअप घ्यायची आणि तिच्या पोटाखाली दोन-तीन इंच जास्त जागा करून द्यायची. दगडधोंड्यांच्या वाटेनं, ओढ्यातून, बांधावरून जाणाऱ्यांना ही जागा लागते. पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, नवे घालायचे, शॉकॲब्सॉर्बर लांब बसवायचे, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना हे बघायचं, सगळं आवळायचं, आणि शेवटी चाकं सरळ रेषेत आणायची. ऐकायला किती सोपं. एकदा करून बघा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसाल.

चाकं सरळ करायचं आणि मापं घ्यायचं खातं मालकीणबाईंचं, म्हणजे उंचेंच्या बायकोचं. लग्नाआधी त्या कपडे शिवायच्या. गॅरेजमध्ये पहिल्यांदा आल्या त्या गळ्यात टेप घालूनच, आणि गेली सव्वीस वर्षं तो टेप तिथेच आहे. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत चारी बाजूंचं माप घ्यायचं आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचं, ही पद्धत त्यांनीच पाडली. "एक बाही लांब, एक आखूड असली की माणूस वाकडा दिसतो," असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवतात, "गाडीचंही तेच."

उंचेंची म्हणून एक पद्धत होती, आणि तिच्यावर त्यांचं नाव चालायचं. पाट्यांच्या टोकांना आणि पुढची चाकं धरणाऱ्या आर्मना आत रबराच्या जाड नळ्या, म्हणजे बुश असतात. त्यांतून जाणारे दहा बोल्ट उंचे गाडी वर टांगलेली असताना कधीच पक्के आवळत नसत. नुसते हातानं लावून ठेवायचे, गाडी खाली उतरवायची, ती रोज जे ओझं वाहते तेवढ्या वाळूच्या गोण्या साखळीच्या कप्पीनं मागे चढवायच्या, गाडीला जरा हलवून स्वस्थ उभी राहू द्यायची, आणि मग चाकांच्या फळीवर पाठ टेकून आत सरकून दहाही बोल्ट आवळायचे. वस्तादानं त्यांना हेच शिकवलं होतं. गाडी लटकलेली असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की ते पिळवटतं. मान वाकडी करून झोपलेला माणूस सकाळी जसा उठतो तशी ती गाडी होते. उंच दिसते, पण अंगात लवचिकपणा नाही. आणि काही महिन्यांत रबर फाटतं ते वेगळंच.

तर अशा या माणसाचा उजवा गुडघा वर्षभरापासून कुरकुरत होता. उभं राहायला, चालायला काही अडचण नव्हती. पण खाली बसलं की उठायची बोंब. तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी ते एका गाडीखाली गेले आणि बाहेर सरकल्यावर त्यांना उठताच येईना. मालकीणबाई सामान आणायला गेलेल्या. अर्धा तास हे गृहस्थ जमिनीवर पडून सायलेन्सरकडे बघत राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, "काय मिस्त्री, काम जोरात?" तर म्हणाले, "हो ना, मान वर करायला फुरसत नाही." शेवटी बंपर धरून कसेबसे उभे राहिले. घरी चकार शब्द काढला नाही. त्यानंतर नशिबानं आली ती किरकोळ कामं, सगळी उभ्यानं होणारी. पण रोज सकाळी शटर उघडताना, आज खाली झोपायचं काम तर येणार नाही ना, हेच त्यांच्या मनात असायचं. मिस्त्रीला गाडीखाली जाता येत नाही म्हणजे त्याचे दिवस भरले, खुर्ची टाका आणि बसवा त्याला, असंच जग म्हणणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि मग मधवाली आली. ही चाळिशीतली बाई मधमाश्या पाळायची. डोंगरावरच्या बागा फुलल्या की आपल्या चाळीस पेट्या पिकअपमध्ये घालून तिथे न्यायची. वाट अशी की देवानं दगड ओतून झाल्यावर उरलेलेही तिथेच टाकले. गेल्या वर्षी गाडीचं पोट दोनदा घासलं, धक्क्यांनी अकरा पोळी तुटली, एका पेटीत राणीमाशी चिरडली गेली. राणी गेली म्हणजे ती पेटीच गेली.

"दोन इंच उंच करा," ती म्हणाली, "पण मऊ ठेवा. माझ्या माश्यांना धक्का चालत नाही. शुक्रवारी पहाटे निघायचंय."

"मंगळवारी न्या," उंचे म्हणाले.

सोमवारी त्यांनी सगळं बसवलं, अगदी झोकात. मग ती वेळ आली. गाडी वर टांगलेली, बोल्ट डोळ्यांसमोर, हातात पाना. खाली उतरवली की फळीवर झोपणं आलं. मालकीणबाई आत फोनवर बोलत होत्या. उंचेंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच दहाही बोल्ट आवळून टाकले. टक्, टक्, टक्. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडी खाली उतरल्यावर मालकीणबाईंनी बाहेर येऊन टेप लावला आणि भुवया चढवल्या. "अहो, मागे दोन इंचांपेक्षा अंगठाभर जास्त येतंय."

"नवे पाटे आहेत. बसतील चार दिवसांत."

हे उत्तर आळशी मिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकतात. बायकोला ते पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. त्यांनी आकडे तेवढे भिंतीवर लिहिले.

बुधवारी दुपारी मधवाली रिकाम्या पेट्या घालून डोंगरावर जाऊन आली आणि घरी न जाता थेट गॅरेजवर थांबली. "मिस्त्री, पोट नाही घासलं कुठे. पण गाडी खाटल्यासारखी ताठ झालीय हो. रिकाम्या पेट्या उडत होत्या. यात मी माश्या नाही घालणार."

उंचेंचं तोंड उतरलं. "ठेवून जा. उद्या संध्याकाळी न्या. थोडं ढिलं-घट्ट करायचं राहिलंय."

"शुक्रवार चुकला तर बहर गेला, बरं का."

"नाही चुकणार."

गुरुवारी सकाळी त्यांनी गोण्या चढवल्या, चाकांना ठोकळे लावले, फळी सरकवली आणि बंपर धरून खाली वाकायला लागले. निम्म्यावर गुडघा अडला. ते तसेच अर्धवट वाकलेले, ना खाली ना वर, कपाळावर घाम. मालकीणबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही.

"हवेतच आवळले होते ना बोल्ट?"

उंचे हळूहळू सरळ झाले. "मला खाली झोपता येत नाही गं. झोपलो तर उठता येत नाही. तीन महिने झाले."

"गुडघ्याचं मला दिसत होतं. माणूस जिन्याच्या प्रत्येक पायरीशी भांडत चढतो, ते काय लपतं? तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." त्यांचा आवाज चढला. "पण नवे पाटे बसतील, हे तुम्ही मला सांगावं? हातात टेप असलेल्या बाईला? त्याचा राग आलाय मला. खूप आलाय."

"चुकलं माझं," उंचे म्हणाले, आणि त्यांना खरोखर रडू आलं. बाईंनी त्यांना रडू दिलं. मग पदर खोचला, केस फडक्यात बांधले आणि फळीकडे पाहून म्हणाल्या, "सरका."

"तू? तू मावायची नाहीस खाली."

"दोन इंच उंच केलीत ना गाडी? मग मावते का बघू."

मावल्या. थोडं पोट आत घ्यावं लागलं, पण मावल्या. उंचे चाकाशेजारी स्टुलावर बसले आणि पाने पुढे करू लागले. मागच्या डाव्या टोकाचा पहिला बोल्ट ढिला केला तशी आत करकर झाली आणि गाडीचा तो कोपरा अलगद खाली बसला. बाईंना गाडीखाली हसू फुटलं. "सुटली हो मान तिची." एकेक करत दहाही ढिले झाले. उंचेंनी गाडी हलवली, थोडा वेळ उभी राहू दिली, टेप लावला. अंगठाभर जास्तीचं माप गेलं होतं. मग आवळणं. "अजून. अजून थोडा. टक् वाजलं की थांब, जोर दाखवू नकोस." "मी कुठे दाखवतेय, तुम्हीच ओरडताय." दोन ठिकाणी पाना निसटला, एकदा बाईंचं बोट सालपटलं, पण दहाव्या बोल्टला टक् वाजलं तेव्हा चाकं पुन्हा सरळ करायला पुरेसा दिवस शिल्लक होता. बाई बाहेर आल्या त्या कोपरापर्यंत काळ्या, आणि स्वतःवर बेहद्द खूश.

शुक्रवारी पहाटे उंचे हट्टानं मधवालीच्या शेजारी जाऊन बसले. पोळं तुटलं तर मला तिथे दिसलं पाहिजे, म्हणाले. चाळीस पेट्या मागे गुणगुणत होत्या. पहिला मोठा दगड आला तेव्हा उंचेंनी दाराची मूठ गच्च धरली. गाडीनं दगड घेतला, अंग झुलवलं आणि सोडून दिला. पुढच्या दगडालाही तसंच. मधवालीनं एकदा त्यांच्याकडे तिरकं पाहिलं आणि गाडी चालवत राहिली.

वर पोचल्यावर तिनं त्यांना जाळीची टोपी दिली. ती त्यांच्या खांद्यांपर्यंत आली. एकेक पेटी उघडायची, चौकट उचलून बघायची, परत ठेवायची, असं करत चाळीस पेट्या होईपर्यंत ऊन चांगलं वर आलं. एकही पोळं तुटलं नव्हतं. राण्या धड होत्या.

"मिस्त्री, मानलं तुमच्या हाताला," मधवाली म्हणाली.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. कोण विचारणार होतं? उंचेंनी टोपी काढली. "हात माझा नाही, बाई. सोमवारी मी आवळले ते चुकीचे होते, म्हणून तुमच्या पेट्या उडाल्या. काल बायकोनं खाली जाऊन नीट आवळले. मला गाडीखाली जाता येत नाही आता."

मधवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. सोमवारचं ऐकून तिच्या कपाळावर आठी पडली होती, ती हळूहळू गेली. मग तिनं खालच्या बागेकडे बोट केलं. "तिथला बागवाला कधीचा मागे लागलाय, त्याचीही पिकअप उंच करायचीय. कधी आणायची, ते ताईंना विचारून सांगा."

उंचेंनी तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. "अगं, चाळीसच्या चाळीस धड आहेत," ते म्हणाले. मग, "पुढच्या आठवड्यात एक काम येतंय. तुला जमेल का?"

"आज पाठ धरलीय," मालकीणबाई म्हणाल्या. "मंगळवारी बोलवा."