रूथ मावशींच्या पणजोबांचं पान

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. नागपूरला आमच्या शेजारच्या चिंचेवर म्हणे मुंजा राहायचा. त्याच चिंचेखाली बसून मी अख्खं इंजिनिअरिंग केलं. त्यालाही एव्हाना डिग्री मिळाली असेल, मला काही तो दिसला नाही. माझी बायको नीता म्हणते, या माणसाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या. खुशाल सोडा... पण उरलेल्या निम्म्याला ती स्वतः हजर होती.

२००५ साल. ॲन आर्बर या अमेरिकन शहराबाहेर, मक्याच्या शेतांत रूथ मावशींचं फार्महाउस; वरचा मजला आम्ही भाड्याने घेतलेला. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून मावशींनी घराण्याचे कागद स्कॅन करायला दिले. कागद इतके, की स्कॅनरला धाप लागली. त्यात जर्मनीहून आलेले पणजोबा योहान होते — बोटीचा कागद, चर्चमधलं लग्न, जमिनीचा दाखला, लेकरांचे बाप्तिस्मे... आणि मग एकदम काहीच नाही. एका सकाळी माणूस शेतावर गेला तो परतलाच नाही. मेल्याची नोंद नाही, जगल्याचीही नाही.

मावशींना एकच हवं होतं. पणजीच्या कबरीच्या दगडावर शेजारची जागा कोरी होती, तिथे योहानचं नाव यावं, आणि ते आपण डोळे मिटायच्या आत. पण थोरले भाऊ वॉल्टर काका अडून बसलेले. बायको-पोरांना टाकून पळालेल्या माणसाचं नाव दगडावर येणार नाही, म्हणायचे.

एकदा चहा पिताना मी सहज बोलून गेलो, की आमच्याकडे तिथी माहीत नसली तरी अडत नाही; सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात, कावळा शिवला की पोचलं. माझं हे तोंड! मावशी म्हणाल्या, "मग वाढू या की. कावळे माझ्याकडे भरपूर आहेत."

अमावास्येला सोमवार होता, सुट्टी टाकली. नीताने वडे-खीर केली, मावशींनी बटाट्याचं सॅलड आणि जर्मन पद्धतीचा आंबवलेला कोबी. केळीचं पान कुठलं, पेपर प्लेटच कुंपणापाशी ठेवली. धुकं असं उतरलेलं, की दुधात उभे आहोत असं वाटावं. मका नाही, कोठार नाही... फक्त खांबावर एक कावळा. टर्कीएवढा. बरं, कोंबडीएवढा. हलायला तयार नाही.

मग मी घोळ घातला. कावळा शिवत नसेल तर गेलेल्याची इच्छा ओळखून कबूल करायचं, हे खरं तर दहाव्याचं. मी ते इथे जोडून दिलं. अडवायला भटजी कुठे होते? मावशींनी शेत न विकण्याचं कबूल केलं, कोठार रंगवण्याचंही. नीता कानाशी म्हणाली, "तूही कबूल कर, बडबड कमी करीन म्हणून." केलं. कावळ्याचा विश्वास बसला नाही.

एवढ्यात वॉल्टर काकांचा ट्रक आला. बहिणीचा वेडेपणा बघायला आले होते. प्लेटकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं — मला वाटलं, आपलं भाड्याचं घर गेलं. पण ते धुक्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आमचे आजोबा म्हातारपणीसुद्धा बापाची वाट बघायचे. मला राग यायचा... ठीक आहे. नाव कोरून घेतो."

कावळा उतरला. वडा सोडला, खीर सोडली (नीताला अजून राग आहे), कोबी उचलला आणि धुक्यात गेला.

इथवर योगायोग म्हणा, मीही म्हणतो. पण मग शेताकडून पावलं ऐकू आली. जड, दमलेली, बिनघाईची. दिसत कोणीच नव्हतं. पावलं आमच्यासमोरून गेली, पोर्चच्या पायऱ्या चढली, आणि बुटांची माती झाडतात तसा धप्-धप् आवाज झाला. वॉल्टर काका मागोमाग गेले, जाळीचं दार उघडलं आणि बाजूला होऊन धरून उभे राहिले — एखादा माणूस सावकाश आत जाईल इतका वेळ. मग अलगद लावून घेतलं.

 

दगडावर नाव आलं, मावशींनी डोळे भरून पाहिलं. योहान कुठे गेले होते, ते आजही कोणाला माहीत नाही. धुक्यात लांबचा आवाज जवळ वाटतो, अशी माझी मीच समजूत घालतो... पटत नाही. एकदा धीर करून वॉल्टर काकांना विचारलं, तुम्ही दार का धरलंत?

"त्याचे दोन्ही हात सामानाने भरलेले होते," ते म्हणाले.