जाते म्हणायचं न्हाई

आम्ही दोघांनी शेवटचं मिळून केलेलं काम म्हणजे मेथी निवडणं, आणि त्यातही भांडलो. आमच्या मंडळीइतकी आडमुठी बाई चिंचवडपासून चाकणपर्यंत दुसरी दाखवा, मिशी काढून ठेवीन. मी देठं लांब ठेवतो म्हणून तिची कटकट; ती रविवारीसुद्धा फोनवर कामावरच्या उदगीरच्या पोरीला "जेवलीस का" विचारत बसली म्हणून माझी. शेवटी पिशवी घेऊन उठली. "लिंबं आणते. येते." मी रागात होतो, "ये" म्हणालो नाही. मंडईत भाजीवाल्यापुढंच कोसळली ती उठलीच नाही. येते म्हणे. खोटारडी.

चाकणला आमचा माल रचायच्या लाकडी पॅलेटचा लहानसा कारखाना. खिळे ठोकून घेणं माझं, बाकी सगळं तिचं. ऑर्डरी घ्यायला, बिलं करायला तिनं तीन माणसं घरबसल्या कामाला ठेवलेली: उदगीरची पोरगी, सावंतवाडीची एक बाई आणि नागपूरचा एक गडी. तिघांनाही आम्ही समोर कधी पाहिलं नाही. मी म्हणायचो, "न बघितलेल्या माणसाला कामावर ठिवती, अक्कल गहाण टाकली का?" तर म्हणायची, "लग्नाआधी तुमाला तरी कुठं बघितलं व्हतं?" आता अशा बाईशी काय बोलायचं?

तिची परीक्षाही तसलीच. फोनवर इकडचं तिकडचं बोलायची आणि शेवटी विचारायची, "माझ्या कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?" चुकला की गेला. दोन डिग्रीवाले त्यातच गारद झाले. "ऑर्डर घ्यायला कान लागतो, कागद न्हाई." रोज नऊला तिघांनी फोन करून "आले", "आलो" म्हणायचं. घरातल्या घरात कुठून आले, देव जाणे! ही म्हणणार, "ये, बस. चहा झाला का?" झाला नसेल तर आधी चहा, मग काम. संध्याकाळी "येते" म्हणूनच फोन ठेवायचा. नागपूरचा गडी एकदा "बाय" म्हणाला, तर परत फोन लावून झापला त्याला. "मी कुणाची बाय रं? येतो म्हण!" जातो म्हणणारा परत येत नाही, असा तिचा कायदा. सगळ्या जगाला कायदा लावला आणि स्वतःच मोडला. त्याचा मला राग आहे, आणि तो कुणी उतरवायला येऊ नये.

संध्याकाळी स्मशानातून आलो तर मेव्हणा म्हणाला, "दाजी, ते घरबसले तिघं आता कशाला? सकाळी मेसेज टाकून मोकळं करतो." मी म्हणालो, "कर." माझा तरी त्यांच्यावर कुठं जीव होता!

सकाळी नऊला, मेव्हण्याचा मेसेज जायच्या आतच, मंडळीचा फोन वाजला. मेव्हण्यानं हात पुढं केला, पण मीच उचलला.

"काकू, आले."

उदगीरची पोरगी. सुतकाचं घर, चूल बंद. पोरीनं कान लावला.

"काकू, आज कुकर नाही लावला?"

"काकू न्हाई राहिली, पोरी," मी म्हणालो. "काल गेली."

रडली. बराच वेळ रडली. मग नाक ओढत म्हणाली, "मग काका, आता आमचं काम... असू दे. मी जाते."

"जाते म्हणायचं न्हाई!" मी असा ओरडलो की मेव्हणा दोन पावलं मागं सरला.

मग मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"ये, बस," म्हणालो. "चहा झाला का?"